पोरीचं चुकलं कुठं?

मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो, तोच आमच्या वस्तीतले एक काका समोर आले. महानगरपालिकेच्या नोकरीतून ते आता निवृत्त झाले आहेत. "जयभीम सर, जरा थांबता का?" म्हणाले. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश होता आणि मागे त्यांची धाकटी मुलगी मान खाली घालून उभी होती.

हकीकत अशी. मुलगी बी.कॉम. झाली. एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेली. "तुझ्या मैत्रिणी तुझं वर्णन कसं करतील?" असा प्रश्न इंग्रजीतून आला. तिने पाठ करून नेलेले उत्तर दिले की, मी डॉमिनिअरिंग स्वभावाची आहे. समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले. पुढे दोन-चार प्रश्न झाले आणि 'कळवू' म्हणाले. कळवले नाही.

"सर, तिला म्हणायचं होतं, मी दमदार आहे, चारचौघांत मागे राहत नाही," काका सांगू लागले. "मी डिक्शनरी काढून बघितली. डॉमिनंटपुढं लिहिलंय वर्चस्व असणारा. डॉमिनिअरिंगपुढं लिहिलंय वर्चस्व गाजवणारा. दोन्ही तेच. मग पोरीचं चुकलं कुठं?"

नोकरी त्या एका शब्दाने गेली की आणखी कशाने, हे आम्हांला सांगता येणार नाही. पण काकांचा प्रश्न खरा आहे. आपल्या घरांतली पहिली-दुसरी पिढी इंग्रजी शिकते आहे. घरात विचारायला कुणी नाही, म्हणून शब्दकोश हाच गुरू. शब्दकोश अर्थ सांगतो, पण शब्दाचा स्वभाव सांगत नाही. त्यातून हे शब्द साधेसुधे नाहीत. कोण कुणाच्या वर आहे आणि कशाच्या बळावर आहे, हे सांगणारे आहेत. ज्यांच्या बापजाद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वर्चस्व गाजवले गेले, त्यांच्या मुलामुलींना तरी हे शब्द नेमके ठाऊक हवेत. म्हणून या आठवड्याचे कुटुंबाचे पान आम्ही या शब्दांसाठी राखून ठेवले आहे.

आधी आपली मराठी पाहा

मराठीत आपण हे शब्द कधी चुकत नाही. बापाचा धाक असतो, पोलिसाचा वचक असतो, तालमीतल्या वस्तादाचा दबदबा असतो आणि मुकादमाची अरेरावी असते. चारही ठिकाणी एक माणूस वर आणि दुसरा खाली आहे. पण 'वस्तादाची अरेरावी' म्हणून पाहा, वस्तादच बदलून जातो. दबदब्यात आदर मिसळलेला आहे, अरेरावीत तो औषधालाही नाही. हे आपल्याला कुणी शिकवले नाही, ऐकून ऐकून कळले.

इंग्रजी शब्दांचेही तसेच आहे. डॉमिनंट हा दबदब्याच्या बाजूचा शब्द आणि डॉमिनिअरिंग हा अरेरावीच्या बाजूचा. मुलीने मुलाखतीत जे सांगितले त्याचे मराठी असे होते की, "मी अरेरावी करणारी आहे." आता सांगा, समोरचे हसतील नाही तर काय?

घरातून निघालेला शब्द

या सगळ्या शब्दांचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये घराला 'डोमुस' म्हणत आणि घराच्या धन्याला 'डोमिनुस'. प्राचीन रोममध्ये हा धनी नुसत्या भिंतींचा मालक नव्हता. घरातले गुलामही त्याच्याच मालकीचे असत. गुलामाने धन्याला हाक मारायची ती 'डोमिनुस' अशी. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याला 'मालक' म्हणत आणि शेतावरचा गडीही जमीनवाल्याला 'मालक'च म्हणे. घर, बाई, गडी आणि जमीन या सगळ्यांवर एकच शब्द. रोम किती लांब, पण गोष्ट किती जवळची!

'डोमुस'पासून डोमेस्टिक, म्हणजे घरगुती. 'डोमिनुस'पासून डॉमिनेट, डॉमिनंट, डॉमिनियन. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात सनापुढे ए.डी. लिहितात, त्यातला 'डी' हाही तोच. 'अ‍ॅनो डोमिनी' म्हणजे प्रभूच्या वर्षी, आणि प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त. आणखी एक शब्द ऐकाल तर चकित व्हाल. विजेच्या डीपीवर कवटीचे चित्र काढून खाली लिहितात तो 'डेंजर'सुद्धा याच घराण्यातला. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ होता धन्याची सत्ता, इजा करण्याची त्याची ताकद. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणे म्हणजे त्याच्या तावडीत असणे. पुढे अर्थ सरकत सरकत नुसता 'धोका' उरला. धन्याच्या तावडीत असणे म्हणजेच धोका, हे शब्द घडवणाऱ्या सामान्य माणसांना बरोबर कळले होते.

डॉमिनंट म्हणजे श्रेष्ठ नव्हे

शाळेत जीवशास्त्रात डॉमिनंट हा शब्द येतो. मराठी पुस्तकात त्याला 'प्रभावी' म्हणतात आणि त्याच्या उलट रिसेसिव्ह म्हणजे 'अप्रभावी'. ग्रेगोर मेंडेल नावाच्या पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाण्याची झाडे लावून प्रयोग केले आणि १८६५ साली ते लोकांपुढे मांडले. उंच झाड आणि बुटके झाड यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच झाली. बुटकेपण नाहीसे झाले असे वाटले. पण त्याच झाडांपासून पुढची पिढी घेतली, तेव्हा साधारण तीन उंचांमागे एक बुटके पुन्हा उभे राहिले. ते कुठे गेले नव्हते, झाकले गेले होते.

म्हणजे डॉमिनंट याचा अर्थ चांगला, ताकदवान किंवा श्रेष्ठ असा नाही. दोन गुण एकत्र आले असता जो दिसून येतो तो डॉमिनंट, एवढेच. परीक्षेत 'डॉमिनंट म्हणजे श्रेष्ठ गुण' असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातात, आणि जायलाच हवेत. कारण एकदा का 'वर असतो तो श्रेष्ठ' ही समजूत डोक्यात बसली, की ती वाटाण्याच्या झाडापुरती राहत नाही.

प्रीडॉमिनंट हा शब्द दिसायला भाऊ, पण याचे काम वेगळे. संख्येने किंवा प्रमाणाने जास्त, असा त्याचा मुख्य वापर आहे. काही घराण्यांत हाताला सहा बोटे पिढ्यान्‌पिढ्या येतात. तो गुण बहुधा डॉमिनंट असतो, आईबापांपैकी एकाकडून आला तरी मुलात दिसू शकतो. पण जगात पाच बोटांचीच माणसे जास्त, म्हणजे प्रीडॉमिनंट पाच बोटे. डॉमिनंट आणि प्रीडॉमिनंट एकच असते, तर आपण सगळे सहा बोटांचे झालो असतो.

याहून जवळचे उदाहरण गिरणगावाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. लालबाग-परळच्या रस्त्यावर प्रीडॉमिनंट कोण? कामगार. डॉमिनंट कोण? मालक. संख्या एकीकडे आणि हुकमत दुसरीकडे. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले ते आपण बघतोच आहोत.

पण गोष्ट इथेच संपत नाही. त्याच गिरण्यांत जास्त पगाराच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, एके काळी आपल्या माणसांना घेत नसत. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकापुढे जो कामगार दबलेला, तोच दुसऱ्या कामगारापुढे डॉमिनंट. तेव्हा हा शब्द वापरताना नेहमी विचारावे, कुणाच्या मानाने? एकटा डॉमिनंट कुणीच नसतो.

डॉमिनेट आणि डॉमिनिअर

डॉमिनेट हे क्रियापद माणसालाच लागते असे नाही. देवगिरीचा किल्ला आसपासच्या मुलखाला डॉमिनेट करतो, म्हणजे कुठूनही पाहा, तोच डोळ्यांत भरतो. एखादा फलंदाज गोलंदाजीला डॉमिनेट करतो. यात किल्ल्याचा दोष नाही आणि फलंदाजाचाही नाही. डॉमिनिअर मात्र माणूसच करतो, आणि त्यात दोष असतोच. हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. दुसऱ्याच्या मनाचा विचार न करता हुकूम सोडत राहणे, असा त्याचा रोख आहे.

डॉमिनिअरिंग माणसाच्या हाती खरी सत्ता असतेच असे नाही, हेही ध्यानात घ्या. कचेरीच्या दारातला माणूस आत सोडण्यावरून आलेल्यांवर खेकसतो. त्याच्या हाती सही नाही, शिक्का नाही, पण वागणे डॉमिनिअरिंग. उलट एखाद्या घरात म्हातारी आजी कोपऱ्यात बसून असते. आवाज कधी चढत नाही, पण लग्न ठरवायचे असो की खोली घ्यायची असो, तिच्या होकाराशिवाय पान हलत नाही. ती डॉमिनंट आहे, डॉमिनिअरिंग नाही.

याच जातीची आणखी एक जोडी आईबापांनी पाठ करावी. ऑथॉरिटेटिव्ह आणि ऑथॉरिटेरियन. दोन्ही शब्द अधिकारावरून आलेले. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात मुले वाढवण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला आणि त्यात हे दोन शब्द वेगळे करून ठेवले. ऑथॉरिटेरियन बाप म्हणतो, "मी सांगतो म्हणून कर." ऑथॉरिटेटिव्ह बापही शिस्त लावतो, तोही नऊ वाजता टीव्ही बंद करायला लावतो, पण का ते सांगतो आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेतो. पहिल्याकडे नुसता अधिकार आहे. दुसऱ्याकडे अधिकार आहे आणि त्याला कारणाची जोड आहे. दिवसभर कामावर साहेबाची बोलणी खाऊन आलेला माणूस घरी येऊन तोच आवाज बायकोमुलांवर काढतो, हे आपल्या वस्तीत आम्ही पाहिले आहे. खरे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या घरातही कधी कधी घडले आहे. बाहेर आपल्याला जो शब्द बोचतो, तो घरात आपल्याला लागू होत नाही ना, हे ज्याने त्याने तपासावे.

भाषेवर चांगली पकड आहे हे सांगताना आपण मराठीत 'प्रभुत्व' म्हणतो. म्हणून मुले इंग्रजीत 'डॉमिनेशन ओव्हर इंग्लिश' लिहितात. ते चूक आहे. भाषेची, हत्याराची, विद्येची असते ती मास्टरी किंवा कमांड. डॉमिनेशन माणसांवर होते आणि ज्याच्यावर होते त्याला ते नको असते. डॉमिनन्स आणि डॉमिनेशन यांतही हाच पदर आहे. डॉमिनन्स ही बहुधा नुसती स्थिती, वरचढ असणे. डॉमिनेशन म्हणजे ते वरचढपण दुसऱ्यावर चालवणे.

वरची जात आणि डॉमिनंट जात

वर्तमानपत्रांत एक घोटाळा नेहमी होतो. खेड्यात आपल्या माणसांवर हल्ला झाला की इंग्रजी बातमीत कधी 'अपर कास्ट' येते, कधी 'डॉमिनंट कास्ट'. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. ते एक नाहीत.

'डॉमिनंट कास्ट' ही कल्पना समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी मांडली. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात ते १९४८ साली राहिले. लिहिताना त्या गावाला त्यांनी 'रामपुरा' असे नाव दिले आणि १९५९ साली तिथल्या डॉमिनंट जातीवर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्या जातीची गावात संख्या मोठी, हातात जमीन आणि पैसा, राजकारणात वजन, ती डॉमिनंट. धर्माच्या उतरंडीत ती सगळ्यांत वर असलीच पाहिजे असे नाही, फार खाली नसली म्हणजे झाले. शिवाय नव्या काळात शिक्षण आणि नोकऱ्या यांनीही हे बळ वाढते. रामपुऱ्यात ब्राह्मण होते, पण गाव चाले ते शेतकरी ओक्कलिगांच्या शब्दाने.

म्हणजे 'अपर' हा शब्द उतरंडीतली पायरी सांगतो आणि 'डॉमिनंट' हा शब्द प्रत्यक्ष ताकद सांगतो. विहीर कुणाची, कामाला बोलावतो कोण, दुकान कुणाचे, पंचायत कुणाची, हे 'अपर'मधून कळत नाही. गावात बहिष्कार पडला असता दळण बंद कोण करू शकतो, मजुरी बंद कोण करू शकतो, हे पाहिले म्हणजे डॉमिनंट कोण ते उमगते. अर्ज लिहिताना, बातमी देताना आपल्या तरुणांनी दोन्हींतला नेमका शब्द वापरावा. चुकीचा शब्द पडला की चुकीच्या माणसाकडे बोट जाते आणि खरा सुटतो.

सुप्रीमसी आणि हेजेमनी

सुप्रीम कोर्ट आपल्याला ठाऊक आहे. सुप्रीम म्हणजे सर्वांत वरचे, ज्याच्या वर दुसरे नाही. त्यावरून सुप्रीमसी म्हणजे सर्वोच्चपणा. पण माणसांच्या बाबतीत हा शब्द आला की त्यात एक दावा असतो, आम्ही जन्मानेच वरचे. अमेरिकेतले गोरे वर्णाभिमानी तेच म्हणतात, म्हणून त्यांना 'व्हाइट सुप्रीमसिस्ट' असे नाव पडले. डॉमिनन्स हातात असतो, सुप्रीमसी डोक्यात असते. सत्ता गेली, जमीन गेली, तरी डोक्यातली सुप्रीमसी उरू शकते.

हेजेमनी हा त्याहून बारीक शब्द. मूळ ग्रीक, त्याचा अर्थ पुढारपण. इटलीतले कामगार चळवळीचे नेते अंतोनिओ ग्राम्शी यांना मुसोलिनीच्या सरकारने १९२६ साली पकडले. तुरुंगात त्यांनी वह्या भरून लिहिले. नुसत्या लाठीने फार दिवस राज्य चालत नाही, खालच्या माणसाच्या मनातूनच होकार मिळवावा लागतो, हे त्यांनी तिथे उलगडून दाखवले. त्या होकारावर चालणाऱ्या वर्चस्वाला हेजेमनी म्हणतात.

हे अवघड वाटत असेल तर घरातले उदाहरण घ्या. मूल शाळेत 'पानी' म्हणते आणि वर्गात हशा पिकतो. घरी येऊन ते आईला सांगते, "तू अशुद्ध बोलतेस." आणि आई खरोखरच पाहुण्यांपुढे बोलायची बंद होते. तिला कुणी मारले नाही, कुणी दटावले नाही. तिनेच मान्य केले की आपली भाषा हलकी. इथे डॉमिनेशन करणारा कुणी समोर दिसतच नाही, म्हणून हेजेमनी ओळखायला कठीण आणि मोडायला त्याहून कठीण.

नावात दाबणारा दिसतो का?

प्रेस म्हणजे दाबणे. कपड्याला इस्त्री करतो तोही प्रेसच. त्यापासून ऑप्रेस म्हणजे जुलमाने दडपणे, सप्रेस म्हणजे डोके वर काढू न देणे, जसे बातमी किंवा बंड. रिप्रेस म्हणजे बळाने आवरून धरणे, आणि डिप्रेस म्हणजे खाली दाबणे. आज डिप्रेशन म्हटले की मनाचा आजार आठवतो, पण आपल्या आजोबा-पणजोबांना सरकारी कागदात 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत काढलेल्या संस्थेच्या नावातही तेच शब्द होते.

बाबासाहेबांना हे नाव मान्य नव्हते. १९३१ साली गोलमेज परिषदेपुढे रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह दिलेल्या निवेदनात त्यांनी ते बदलून मागितले. ऐकणाऱ्याच्या मनात तुच्छता निर्माण करणारे नाव सरकारी कागदावर नको, ही त्यामागची भूमिका. पुढे १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आले. शेड्यूल म्हणजे यादी. हा शब्द तुच्छता दाखवत नाही, हे खरेच. पण यादीत नाव का घालावे लागले, कुणी दाबले होते, हे तो सांगतही नाही. प्रत्येक शब्द काही दाखवतो आणि काही झाकतो. नाव ठरवण्याचा अधिकार कुणाकडे असावा, यासाठी म्हणूनच भांडावे लागते.

कायद्यात हा शब्द कुठे बसला आहे

आता कामाची गोष्ट. १८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या कलम १६ मध्ये 'अनड्यू इन्फ्लुअन्स', म्हणजे गैरवाजवी दबाव, याची व्याख्या आहे. दोघांचे नातेच असे असेल की एक जण दुसऱ्याची इच्छा 'डॉमिनेट' करू शकतो, आणि त्या स्थितीचा वापर करून त्याने गैरफायदा घेतला, तर तो गैरवाजवी दबाव. मालक आणि नोकर, ज्याच्यावर विश्वास टाकला तो आणि टाकणारा, म्हातारपणाने किंवा आजाराने मन थकलेला माणूस, अशी नाती कायद्याने त्यात धरली आहेत. असा करार पीडित माणसाला न्यायालयातून रद्द करून घेता येतो. आणि व्यवहार वरवर पाहताच अन्यायाचा दिसत असेल, तर दबाव नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी वरचढ माणसावर पडते. आजारी आजीचा अंगठा कुणी कागदावर उठवून घेतला असेल, तर 'अंगठा दिला, आता काय करणार' म्हणून गप्प बसू नका. वकिलाला कलम १६ विचारा.

२००२ च्या स्पर्धा कायद्यात आणखी मजेशीर भेद आहे. मोठी कंपनी बाजारात डॉमिनंट असणे हा गुन्हा नाही. त्या स्थितीचा गैरवापर करणे याला बंदी आहे. म्हणजे काकांना पडलेला डॉमिनंट आणि डॉमिनिअरिंग यांचा प्रश्न संसदेनेही सोडवून ठेवला आहे. वर असणे वेगळे आणि वर असल्याचा माज करणे वेगळे.

आणि आपल्या सर्वांत जवळचा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याच्या मूळ मसुद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रीची इच्छा 'डॉमिनेट' करण्याच्या स्थितीत असलेल्याने तिचे लैंगिक शोषण केले तर शिक्षा होती. करार कायद्यातलेच ते शब्द. पण ती स्थिती न्यायालयात दाखवून देणे भाग पडे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, शब्दांची मांडणी बदलली. आता प्रश्न संमतीचा आहे. संमती म्हणजे स्वखुशीने दिलेला स्पष्ट होकार. आणि स्त्रीने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येत नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा आला आणि प्रश्न 'तो किती वरचढ होता' इथून 'तिने होकार दिला होता का' इथे आला. शब्द बदलला की बाईचे नशीब बदलते, ते असे.

डॉमिनियन ते रिपब्लिक

शेवटी एक शब्द उरला, डॉमिनियन. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ ताबा. बचत गटाची रक्कम ज्या बाईच्या हवाली आहे, तिचा त्या रकमेवर डॉमिनियन आहे, मालकी नव्हे. ती रक्कम तिने खोट्या इराद्याने स्वतःसाठी वापरली तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. पूर्वीच्या दंड संहितेत हे कलम ४०५ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१६ झाले.

आपला देशही काही काळ डॉमिनियन होता, हे कित्येकांना माहीत नसते. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळाले, तरी कायद्याने राजा इंग्लंडचाच होता. २६ जानेवारी १९५० रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेली घटना अमलात आली आणि डॉमिनियनचे रिपब्लिक झाले. रिपब्लिक हाही लॅटिन शब्द, 'रेस पुब्लिका', म्हणजे लोकांची बाब, सर्वांचे ते. धन्याच्या नावाचा शब्द गेला आणि लोकांच्या नावाचा आला. घटनेची पहिली ओळ 'आम्ही' या शब्दाने सुरू होते, ती उगाच नव्हे.

काकांना एवढे सगळे त्या दिवशी विहाराच्या पायरीवर सांगता आले नाही. थोडेसे सांगितले. मुलगी ऐकत होती. काका म्हणाले, "म्हणजे पोरगी म्हणाली, मी दादागिरी करते!" आणि बापलेक दोघेही मोकळेपणी हसले. आम्ही मुलीला विचारले, "आता पुन्हा कुणी विचारलं तर काय सांगशील?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "मी सांगेन, मी पुढाकार घेते, पण इतरांचंही ऐकते."

तिची पुढची मुलाखत याच महिन्यात आहे. निकाल लागेल तो लागेल. पण हे वाक्य तिने पाठ केलेले नाही, तिचे स्वतःचे आहे.

मुलांनी वहीत उतरवावे

खालच्या मराठी वाक्यांसाठी कोणता इंग्रजी शब्द चपखल बसेल ते आधी स्वतः लिहा, मग उत्तरे पाहा.

१) आमच्या चाळीत कोकणातली कुटुंबे जास्त आहेत.
२) तिचे इंग्रजीवर प्रभुत्व आहे.
३) नवा सुपरवायझर सगळ्यांना उगाच दटावत असतो.
४) त्या गावात जमीन, सोसायटी आणि पंचायत एकाच जातीच्या हातात आहे.
५) बाई शिस्तीच्या आहेत, पण प्रत्येक नियमाचे कारण सांगतात.

उत्तरे : १) प्रीडॉमिनंट २) कमांड किंवा मास्टरी ३) डॉमिनिअरिंग ४) डॉमिनंट ५) ऑथॉरिटेटिव्ह.